खिडकीभोवतीची फट

हुगळीच्या काठी, कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानाला लागून उभा असलेला फोर्ट विल्यम हा भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्य ठाणे आहे. २०२४ च्या डिसेंबरात या किल्ल्याचे नाव पालटून ते ‘विजयदुर्ग’ असे ठेवण्यात आले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील आपल्या विजयदुर्गावरूनच हे नाव घेतले आहे. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजालाही आता शिवाजी दरवाजा असे म्हणतात. मराठी माणसाला या बातमीत इतिहासाचा एक विलक्षण फेरा दिसल्यावाचून राहत नाही. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेली, तेव्हा तिच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा तो बेत तीन मैलांवरच थांबला; तरी ‘मराठा खंदक’ हे त्याचे नाव मात्र इतिहासात राहून गेले. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, जूनमध्ये सिराज-उद्दौल्याने इंग्रजांचा फोर्ट विल्यम घेतला, आणि १७५७ च्या जानेवारीत त्याच वॉटसन व क्लाइव्ह यांनी कलकत्ता परत जिंकले. एका वर्षाच्या आत या दोन किल्ल्यांची भाग्ये अशी एकमेकांत गुंतली होती.

परंतु आज मला तोफांविषयी वा तहांविषयी बोलावयाचे नाही. किल्ल्याचा इतिहास लिहिताना तटाला पडलेल्या खिंडारांची मोजदाद होते. त्या तटाच्या आत राहणाऱ्या माणसांचे जगणे मात्र पुष्कळदा याहून कितीतरी लहान अशा छिद्रांवर अवलंबून असते. खिडकी हे असे एक छिद्र, आणि खिडकीची चौकट व भिंत यांच्यामध्ये राहणारी फट हे त्याहूनही लहान. जुन्या इमारतीची खिडकी काढून नवी बसविली की ही फट हटकून उरते, आणि ती कशाने भरावी हा प्रश्न गवंडी आणि सुतार एकमेकांवर ढकलतात. हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याच्यामागे दोन-अडीच शतकांचा अनुभव उभा आहे, आणि त्यातील बराचसा फोर्ट विल्यमच्या परिसरातच गोळा करता येतो.

प्रथम जुन्या किल्ल्याकडे वळू. आज जेथे कलकत्त्याचे मोठे टपाल कार्यालय आहे, त्या जागी तो उभा होता. २० जून १७५६ च्या रात्री तेथील एका कोठडीत इंग्रज कैदी कोंडले गेले. कोठडी सुमारे अठरा फूट लांब आणि पंधरा फुटांहून किंचित कमी रुंद. तिला एकाच बाजूस गज लावलेल्या दोन लहान खिडक्या. हॉलवेल याने कैद्यांचा आकडा १४६ आणि मृतांचा १२३ सांगितला. अक्षयकुमार मैत्रेय यांनी १९१६ मध्ये या हकीकतीवर कठोर आक्षेप घेतले; पुढील संशोधनात ब्रिजेन गुप्त यांनी कैद्यांची संख्या चौसष्टच्या आसपास धरली. हॉलवेलच्या नावाचा स्मारकस्तंभ सुभाषचंद्र बोस यांच्या चळवळीनंतर १९४० मध्ये भर रस्त्यातून हलविण्यात आला. आकड्यांचा वाद इतिहासकारांवर सोपवू. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे हे की, बंगालच्या जून महिन्यात बंद खोलीला पुरेशी खिडकी नसणे म्हणजे काय, याची दहशत त्या रात्रीपासून इंग्रजांच्या मनात कायमची बसली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वायुवीजनाविषयी जे जे लिहिले गेले, त्यात कलकत्त्याच्या या कोठडीचा दाखला वारंवार येत राहिला.

नवा फोर्ट विल्यम जुन्याच्या दक्षिणेस, गोविंदपूर गावाच्या जागी, १७५८ च्या सुमारास बांधावयास घेतला आणि १७८१ च्या सुमारास पुरा झाला. पाच बाजू जमिनीकडे आणि तीन नदीकडे, असा हा ओबडधोबड अष्टकोन. त्यावर सुमारे वीस लक्ष पौंड खर्च झाले. या किल्ल्याने पुढे कधी वेढा पाहिला नाही. त्याच्या आत राहणाऱ्यांचा खरा शत्रू तटाबाहेर नव्हताच. मार्च ते जूनची उष्णता, जून ते सप्टेंबरचा पाऊस, आणि वर्षाचे कित्येक महिने हवेत भरून राहणारी आर्द्रता, या तिघांशी त्यांचा सामना होता. आणि या सामन्याचे रणांगण म्हणजे खिडकी.

त्या काळी भारतात काच दुर्मीळ व महाग होती. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोव्यात, चपट्या अर्धपारदर्शी शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवून खिडक्या करीत. मुंबईच्या जुन्या घरांतही त्या असत. त्यांतून मऊ प्रकाश येई, ऊन येत नसे. कलकत्त्यात प्राबल्य झाले ते झिलमिलीचे. बंगाली माणूस तिला खडखडी म्हणतो. आडव्या तिरक्या पट्ट्यांचे हे दार डोळ्यांना आणि उन्हाला अडवी, वाऱ्याला वाट देई. झिलमिलीच्या खिडकीला चौकटीभोवती चार-दोन फटी असल्या तरी कोणाचे बिघडत नव्हते, कारण ती खिडकीच मुळी फटींची बनलेली होती. भिंती जाड, छत उंच, पुढे ओसरी. अशा घरात हवा खेळती ठेवणे हाच थंडाव्याचा मार्ग होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आजचा आपला प्रश्न त्या खिडकीचा नाही. खिडकी बंद करून आतली हवा वेगळी ठेवावयाची, असे माणसाने ठरविले त्या क्षणी फटीचा प्रश्न जन्मास आला.

तो क्षण प्रथम वाळ्याच्या ताटीबरोबर आला. दारा-खिडकीत वाळ्याच्या मुळांची ताटी बसवावयाची, तिच्यावर पाणी शिंपावयाचे, आणि बाहेरचा तप्त वारा तिच्यातून गार होऊन आत घ्यावयाचा, ही युक्ती आपल्याकडे इंग्रजांच्या पूर्वीपासूनची. त्यांनी तिला पुढे हाताने फिरविण्याच्या मोठ्या पंख्याची जोड दिली आणि त्या यंत्राला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव ठेवले. हे यंत्र खिडकीत बसवीत आणि इतर सर्व दारे-खिडक्या लावून घेत. ताटीच्या कडेने बोटभर जागा उघडी राहिली तर वारा ओल्या मुळांतून कष्टाने शिरण्याऐवजी त्या सोप्या वाटेने तापलेलाच आत येई. वारा सोपी वाट धरतो, हा पहिला धडा. दुसरा धडा असा की, अलाहाबाद-दिल्लीकडच्या कोरड्या लूमध्ये उत्तम चालणारी ही ताटी कलकत्त्याच्या दमट हवेत निम्म्याने निष्प्रभ होई; ओली हवा आणखी पाणी फारसे घेत नाही. एका प्रांतात यशस्वी झालेला उपाय दुसऱ्या प्रांतात तसाच उचलून चालत नाही, हे सूत्र आपल्याला शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रश्न अधिक गंभीर झाला. भारतातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला. १८६३ च्या त्याच्या अहवालात असे निघाले की, या फौजेत दर हजारी सरासरी ६९ माणसे दरवर्षी मरत होती, आणि त्यांपैकी फार मोठा भाग रोगांचा बळी होता. दूषित हवेने रोग होतो अशी तेव्हाची समजूत. म्हणून बराकी प्रशस्त करा, हवा खेळू द्या, असा आग्रह सुरू झाला. त्याने लाभही झाला, जरी त्या मृत्यूंमागे दूषित पाणी आणि डास यांचा वाटा कितीतरी मोठा होता. डासांचा वाटा सिद्ध व्हावयास १८९७-९८ उजाडावे लागले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेस आरंभ केलेले आपले हिवतापाचे संशोधन कलकत्त्यातील ज्या प्रयोगशाळेत तडीस नेले, ती फोर्ट विल्यमपासून फार दूर नव्हती. मैदानाच्या दक्षिणेस असलेल्या इस्पितळाच्या आवारातच होती.

या शोधाने खिडकीभोवतीच्या फटीला नवा अर्थ आला. डासांच्या जाळीचे छिद्र साधारणपणे दीड मिलिमीटरच्या आत ठेवतात. खिडकीला अशी बारीक जाळी लावली आणि तिच्या चौकटीभोवती सहा मिलिमीटरची फट तशीच ठेवली, तर ती जाळी शोभेपुरती उरते. सहा मिलिमीटर हा आकडा मी सहज घेतलेला नाही. बारा वीतांच्या भिंतीत तो डोळ्यांत भरत नाही. पण हिशेब करून पाहा. दीड मीटर उंचीची नेहमीची खिडकी घेऊ: रुंदी १.२ मीटर, उंची १.५ मीटर. तिचा परीघ ५.४ मीटर. त्याभोवती सहा मिलिमीटरची फट राहिली तर उघड्या जागेचे क्षेत्रफळ ३२४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे १८ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असे एक भोक भिंतीला पाडून ठेवण्यासारखेच झाले. असे भोक कोणी गृहस्थ आपल्या भिंतीस सहन करणार नाही. परंतु तेच परिघावर पसरून दिले की तो आयुष्यभर सहन करतो. खोलीत खेळती हवा हवी, हे खरेच. पण ती हवी तेव्हा यावी आणि नको तेव्हा थांबावी. खिडकी उघडणे हे वायुवीजन होय. फटीतून येणारी हवा, धूळ, पाऊस आणि डास हे काही वायुवीजन नव्हे.

फट भरावयाची हे ठरले, तर ती कशाने भरावी? या प्रश्नाचे एक उत्तर १८३३ च्या सप्टेंबरात जहाजाने कलकत्त्यास आले. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचे ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन मे महिन्यात निघाले होते. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडून ते हुगळीत शिरले, तेव्हा सुमारे शंभर टन बर्फ शिल्लक होता. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांना या पराक्रमाचे इतके कौतुक वाटले की त्यांनी जहाजाबरोबर आलेल्या प्रतिनिधीस चांदीचे पात्र अर्पण केले. लौकरच मुंबई-मद्रासलाही बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आज विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. बर्फ टिकला तो कोणत्याही जादूने नव्हे. जहाजाच्या पोटात फळ्यांच्या दुहेरी भिंती करून त्यांच्यामधील पोकळीत कातडी कमावून उरलेल्या सालींचा चोथा ठासून भरला होता, आणि बर्फावर गवताचे आच्छादन होते. अशा चोथ्याच्या कणाकणांत हवा अडकून पडते. हलणारी हवा उष्णता वाहून नेते. अडकलेली, स्थिर हवा तिला अडविते. काचेची लोकर असो, बुचाचे लाकूड असो वा कापूस असो, सर्व उष्णतारोधक पदार्थांचे रहस्य एवढेच आहे. मात्र ते कोरडे राहिले पाहिजेत. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहते. म्हणून हवेच्या जागी पाणी शिरले की उत्तमोत्तम उष्णतारोधकही ओल्या फडक्याच्या योग्यतेला येतो.

दुसरे उत्तर आपल्या विजयदुर्गाच्या बाजूस सापडते. वाघोटणच्या खाडीत आंग्र्यांच्या काळची गोदी आहे. जहाजाच्या दोन फळ्यांमधील सांधा हा खिडकीच्या फटीचा सख्खा भाऊ. कोकणातील सुतार त्या सांध्यात तेल-राळेत भिजविलेली कापसाची वात ठोकून बसवीत. त्यांनी सांधा कधी दगडासारख्या कठीण पदार्थाने भरला नाही, कारण लाकूड पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, लाटेने वाकते. सांध्यातील भरण त्याच्याबरोबर हलले पाहिजे. जे नमत नाही ते तडकते, आणि तडकलेल्या सांध्यातून पाणी येते. खिडकीचेही तसेच आहे. तीस अंश तापमानाच्या फरकाने दोन मीटर लांबीची पोलादी चौकट पाऊण मिलिमीटरने, अ‍ॅल्युमिनियमची सुमारे दीड मिलिमीटरने आणि प्लास्टिकची चार मिलिमीटरच्या आसपास लांबते वा आखडते. विटांची भिंत त्या मानाने जवळजवळ स्थिरच राहते. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये निव्वळ सिमेंट भरले, तर एक-दोन उन्हाळ्यांत केसाएवढी भेग पडते आणि पहिल्या वळवात तिच्यातून ओल उतरते. ते सिमेंट उष्णताही भिंतीप्रमाणेच आत पोहोचविते, हे निराळेच.

आता आजच्या निवडीकडे येऊ. गेल्या शतकात दोन नवे पदार्थ हाती आले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत काचेची लोकर मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, आणि १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. त्याचाच डब्यातून फवारून फुगणारा फेस आज बाजारात मिळतो. काचेची लोकर जळत नाही, चौकटीवर दाब आणीत नाही. परंतु ती हवा पूर्णपणे अडवीत नाही आणि भिजली तर निकामी होते, म्हणून दोन्ही बाजूंनी तिचा बंदोबस्त करावा लागतो. फेस कानाकोपऱ्यांत शिरून चिकटतो आणि हवाही अडवितो; परंतु फार फुगणारा फेस चौकट वाकवितो आणि मग झडप लागत नाही, उन्हात उघडा राहिला तर तो पिवळा पडून भुरभुरतो, आणि आग लागल्यास विषारी धूर सोडतो. म्हणून खिडकीसाठी कमी फुगणाराच फेस घ्यावा आणि तो कधीही उघडा ठेवू नये. ताग हे तर कलकत्त्याचे स्वतःचे धन. १८५५ मध्ये रिशरा येथे तागाची पहिली गिरणी निघाली. कोरड्या जागी तागाचा वा काथ्याचा पेड उत्तम काम देतो. ओल लागत असेल तर मात्र ताग कुजतो. काथ्या अधिक काळ टिकतो.

पदार्थ कोणताही घेतला तरी त्याची खरी परीक्षा तोंडाशी होते. भरण आत राहते. बाहेरच्या तोंडाशी मऊ फेसाची दोरी दाबून तिच्यावर सिलिकॉनसारखा लवचिक लेप द्यावा, म्हणजे चौकट हलली तरी लेप तुटत नाही. खिडकीच्या खालच्या कडेस बाहेरचा उतार ठेवावा आणि चौकटीत शिरलेले पाणी बाहेर पडण्याची भोके बुजवू नयेत. जुन्या चुन्या-सुरखीच्या भिंतीत गवंड्याला सिमेंट वापरू देऊ नये. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती आत कोंडते आणि आपल्या शेजारची मऊ वीट फोडते. तेथे काथ्याचा पेड आणि वर चुन्याचा गिलावा हेच शहाणपणाचे.

सर्वांत मोठी चूक होते ती परदेशी सूचना जशाच्या तशा पाळण्याने. युरोपात असा दंडक आहे की, फटीचे आतील तोंड बाहेरच्या तोंडापेक्षा अधिक घट्ट असावे. तेथे घर आतून उबदार व ओलसर असते, बाहेर थंडी असते. आतली वाफ फटीत शिरली तर थंड जागी तिचे पाणी होते. कलकत्त्यात, मुंबईत वा रत्नागिरीत वातानुकूलित खोलीची स्थिती याच्या नेमकी उलट असते. ओलसर हवा बाहेर आहे आणि थंड पृष्ठभाग आत आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर बाहेरचे तोंड अधिक घट्ट हवे. ते सैल ठेवून आतले तोंड घट्ट केले, तर बाहेरची वाफ फटीत येऊन तेथेच पाणी होते, लोकर भिजते, आणि एका पावसाळ्यात भिंतीवर बुरशीची काळी नक्षी उमटते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा धोका कमी; तेथे धूळ आणि झळ अडविणे महत्त्वाचे. वाळ्याच्या ताटीने जो धडा दिला, तो हाच.

आपल्या घरची फट शोधण्यास यंत्र लागत नाही. वाऱ्याच्या दिवशी खिडकी लावून घ्यावी आणि चौकटीच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवावी. जेथे धूर डगमगतो, तेथे वाट आहे.

शासनाच्या नोकरीत इमारतींची अंदाजपत्रके नजरेखालून घालण्याचा प्रसंग येतो. त्यांत खिडकीचे लाकूड, काच, बिजागऱ्या, रंग यांच्या नोंदी स्वतंत्र असतात; खिडकी आणि भिंत यांच्यामधील सांध्याची नोंद बहुधा ‘इतर किरकोळ’ या सदरात लुप्त झालेली असते. जुन्या वास्तूंच्या शेकडो खिडक्या आज देशभर बदलल्या जात आहेत. सागाच्या झिलमिल्या जाऊन अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा येत आहेत. अ‍ॅल्युमिनियम लाकडापेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता वाहते. असा बदल करावयाचाच असेल, तर त्याचे सारे यशापयश त्या बोटभर जागेत ठरणार आहे, आणि अंदाजपत्रकात तिला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे.

तट बांधणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक असतात. सांध्यात कापसाची वात ठोकणाऱ्या, जहाजाच्या पोकळीत सालींचा चोथा दाबून भरणाऱ्या आणि ताटीवर पाणी शिंपडणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु जहाज तरले, बर्फ टिकला आणि दुपार सुसह्य झाली ती त्यांच्यामुळे. मोठ्या भिंतीची कसोटी तिच्या लहानात लहान फटीपाशी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपणही आपल्या खिडकीपाशी ते आठवावे.